स्टे कुणाकुणाला लागू? अमेरिकेतल्या जन्माधारित नागरिकत्वाचं एक प्रकरण

२७ जून २०२५, शुक्रवार. वॉशिंग्टनला सकाळचे दहा वाजून गेले होते, पुण्यात संध्याकाळचे पावणेआठ. मावसबहिणीचा फोन आला. "अरे, टीव्हीवर सांगतायत ट्रम्प जिंकला सुप्रीम कोर्टात. आता आमच्या बाळाचं काय रे?"

ताईचा मुलगा टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. बाळंतपणाला जायचं म्हणून ताईचं ऑगस्टचं तिकीट काढून झालेलं, डिंक आणि अळीव आणून ठेवलेले. नवरा-बायको दोघंही नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर. भाचा २०१३ मध्ये एमएस करायला गेला तो तिथलाच झाला, म्हणजे आपल्या लेखी. अमेरिकी सरकारच्या लेखी तो बारा वर्षांनीही 'तात्पुरता'च आहे.

मी दिवाणी वकील. बांध, वाटप, सामाईक भिंत आणि त्यांवरचे मनाई हुकूम यांत माझी निम्मी हयात गेली. अमेरिकन राज्यघटना हा माझा धंदा नव्हे, आणि ताईला मी तसं सांगितलंही. पण त्या रात्री निकालपत्र उतरवून घेतलं, मतभेदाच्या मतांसकट शंभरावर पानं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हे भलतंच ओळखीचं आहे. नागरिक कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या निकालात नाहीच. न्यायालयापुढे प्रश्न होता तो आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येणारा: स्टे कुणी आणला, आणि तो कुणाकुणाला लागू?

पुढचं टिपण २० जानेवारी ते १० जुलै २०२५ या १७१ दिवसांचं आहे. टीव्हीवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद चालला तो एका प्रश्नावर, आणि फ्रिस्कोतल्या पोराचं भवितव्य लटकलं होतं ते दुसऱ्याच प्रश्नावर. हे सुटं करून दाखवावं, एवढाच हेतू.

आदेश

डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारीला, १४१६० क्रमांकाच्या कार्यकारी आदेशावर सही केली. सही झाल्यापासून तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांना तो लागू व्हायचा होता, म्हणजे १९ फेब्रुवारीनंतर. आपल्याकडे ती शिवजयंती. अमेरिकेतल्या भारतीयांच्या इतिहासात मात्र ही तारीख आधीच काळी आहे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला अर्ज करून नागरिक होता येणार नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होते, त्याचा काही उपयोग झाला नाही.

२०२५ च्या आदेशात दोन कलमं होती. आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर मूल नागरिक नाही. हे पहिलं, सगळ्यांनी ऐकलेलं. दुसरं असं: आई कायदेशीर पण तात्पुरत्या मुक्कामावर असेल, म्हणजे विद्यार्थी, नोकरीच्या किंवा पर्यटक व्हिसावर, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तरी मूल नागरिक नाही.

आमच्या ग्रुपवर पहिले चार-पाच दिवस सूर निवांत होता. "घुसखोरांसाठी आहे ते, आपल्याला काय त्याचं" असं लिहिणारे तिघे-चौघे होते, आणि त्यातले दोघे स्वतःच एच-वन-बीवर. दुसरं कलम त्यांनी वाचलंच नव्हतं. आपण रांगेत उभे राहून, कर भरून, रीतसर गेलो आहोत, तेव्हा कायदा आपल्या बाजूचाच असणार, हा मध्यमवर्गीय विश्वास फार घट्ट असतो. मग एक बातमी फिरू लागली: १९ फेब्रुवारीच्या आत बाळंत होता यावं म्हणून मुदतीआधी सिझेरियन कराल का, अशी विचारणा काही भारतीय जोडपी डॉक्टरांकडे करतायत. ग्रुप चिडीचूप झाला.

'तात्पुरता' या शब्दात काय दडलंय ते इथे सांगायला हवं. एच-वन-बी तीन वर्षांचा, वाढवून सहा. त्यानंतर खरं तर परत यायचं, पण मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज मंजूर होऊन नंबर लागायचा बाकी असेल तर मुदत वाढत राहते. नंबर लागत नाही, कारण नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतली साधारण सात टक्के. भारतासारख्या देशालाही तेवढीच आणि आइसलँडलाही तेवढीच. एच-वन-बी मिळवणाऱ्यांत मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीय. म्हणून घर घेतलेला, पोरांच्या शाळेच्या बैठकांना जाणारा, गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झालेला माणूस कागदावर पाहुणा राहतो.

घटनेतलं वाक्य

अमेरिकी घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. तिचं पहिलं वाक्य सांगतं, की अमेरिकेत जन्मलेल्या किंवा अर्जाने नागरिक झालेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक आहेत. त्यामागे यादवी युद्ध होतं. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने काळ्या माणसाला नागरिक व्हायचा हक्कच नाही असं म्हटलं होतं, ते कायमचं पुसायचं होतं.

सगळी झटापट 'अधिकारक्षेत्राच्या अधीन' या शब्दांवर. सरकारचं म्हणणं, याचा अर्थ पुरती निष्ठा, आणि ती आईबापांचं कायमचं बिऱ्हाड कुठे आहे यावरून ठरते. समोरच्यांचं म्हणणं, याचा अर्थ कायदा तुम्हाला लागू असणं. माझ्या मते दुसरा अर्थ सरळ आहे. फ्रिस्कोत भाच्याने गुन्हा केला तर त्याच्यावर खटला भरता येतो, राजदूतावर भरता येत नाही. राजदूतांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूच्या फौजेतल्यांची मुलं, हे जुने अपवाद त्यातूनच आलेत. मूळ आदिवासींनाही १८८४ च्या निकालाने वगळलं होतं. १९२४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून ते मिटवलं.

आणि १८९८ चा निकाल आहेच. वाँग किम आर्क हा १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा मुलगा, धंद्याने आचारी. चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला तर गोदीतच अडवलं. कित्येक महिने त्याला बंदरातल्या जहाजांवर ठेवलं होतं, कारण १८८२ पासून चिनी मजुरांना बंदी होती आणि अधिकाऱ्यांच्या मते तो चिनीच. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला नागरिक ठरवलं. सरकार आज त्या निकालातल्या एका तपशिलाला लटकलंय: वाँगच्या आईबापांचं बिऱ्हाड अमेरिकेत कायमचं होतं, असं निकालपत्रात म्हटलंय. म्हणजे तात्पुरत्यांना तो लागू नाही. युक्तिवाद म्हणून मी त्याला हसणार नाही. निकालातलं एखादं विशेषण पकडून आम्हीही दावे लढवतो. पण फ्रिस्कोत कर्ज काढून घर घेतलेल्या बारा वर्षांच्या रहिवाशाचं 'कायमचं बिऱ्हाड' नेमकं कुठे, याचं उत्तर त्या युक्तिवादाला द्यावं लागेल, आणि ते सोपं नाही.

हरलेला पक्ष अपिलात काय मागतो

२३ जानेवारीला सिअॅटलमध्ये न्यायाधीश जॉन कॉफनर यांच्यापुढे पहिली सुनावणी झाली. रेगन यांनी नेमलेले, चार दशकं न्यायासनावर बसलेले गृहस्थ. त्यांनी आदेशाला ढळढळीत घटनाबाह्य म्हटलं आणि तिथल्या तिथे स्थगिती दिली. फेब्रुवारीत मेरीलँडच्या डेबोरा बोर्डमन, न्यू हॅम्पशरचे जोसेफ लाप्लांट आणि मॅसॅच्युसेट्सचे लिओ सोरोकिन यांनीही मनाई हुकूम दिले. कॉफनर, बोर्डमन आणि सोरोकिन यांचे हुकूम देशभर लागू होते. लाप्लांट यांनी आपला हुकूम दावा लावणाऱ्या संघटनांच्या सदस्यांपुरता ठेवला. हा माणूस लक्षात ठेवा.

सरकार सगळीकडे हरलं. मार्चमध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि इथे मला त्यांच्या वकिलांना दाद द्यावी लागते. त्यांनी आदेश घटनात्मक ठरवा असं मागितलंच नाही. मागितलं एवढंच, की एका जिल्हा न्यायाधीशाने सबंध देशासाठी दिलेला हुकूम कापून फक्त दावा लावणाऱ्यांपुरता करा. जमीन कुणाची हे विचारूच नका, फक्त स्टे फिर्यादीच्या गुंठ्यापुरता आहे एवढं सांगा. मूळ दाव्यात जीव नसेल तेव्हा मुरलेला वकील हेच करतो.

१५ मेच्या सुनावणीत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी ही चाल बरोबर हेरली. आशय असा: खाली तुम्ही प्रत्येक ठिकाणी हरताय, मग मूळ प्रश्न घेऊन आमच्याकडे येण्याचं तुम्हाला कारणच काय? हरलेल्या पक्षाने अपिलच केलं नाही तर देशाचा कायदा ठरणार कधी?

पण त्या सुनावणीतला माझ्या आवडीचा भाग दुसरा. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांना ट्रम्प यांनीच नेमलेलं. त्यांनी सरकारी वकील जॉन सावर यांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आदेश लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने नवजात बाळाचं काय करायचं? राज्याने काय करायचं? सावर म्हणाले, काही वेगळं करतील असं वाटत नाही, चुकीचं नागरिकत्व दाखवणारी कागदपत्रं केंद्राचे अधिकारी स्वीकारणार नाहीत, इतकंच. त्यांना कळणार कसं? ते त्यांना ठरवावं लागेल. कसं? पुन्हा कसं? सगळ्याच नवजात बाळांची तपासणी करणार का?

हे वाचताना मला आमच्या तहसील कचेरीतला अव्वल कारकून आठवला. कुठलाही नवा जीआर आला की तो चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, "साहेब, पण रकाना कुठला?" अमेरिकेच्या जन्मदाखल्यात आईवडिलांची नावं असतात, त्यांचा जन्म कुठला ते असतं. व्हिसाचा रकाना नाही. आजवर त्याची गरजच पडली नव्हती, कारण जन्मस्थळ लिहिलं की नागरिकत्व सिद्ध होत होतं. दरवर्षी तिथे साधारण ३६ लाख मुलं जन्मतात. आदेश लागू झाला असता तर त्यातल्या प्रत्येकाच्या आईवडिलांना आपापली कागदपत्रं काढून दाखवावी लागली असती, सात पिढ्यांच्या अमेरिकनांनाही.

२७ जून

निकाल सहा विरुद्ध तीन. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांचं. सार असं: संघराज्याच्या न्यायालयांना हुकूम देण्याचे अधिकार १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने मिळाले. त्या काळच्या इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयाला जे देता येत होतं तेच यांना देता येतं. सगळ्या जगाला लागू होणारा मनाई हुकूम चॅन्सरी देत नसे. सबब हुकूम दावा लावणाऱ्याला 'पुरता दिलासा' मिळेल एवढाच हवा, त्याहून रुंद नको. आदेश घटनेला धरून आहे की नाही, यावर अवाक्षर नाही. शिवाय आदेश आणखी तीस दिवस लागू करायचा नाही, म्हणजे २७ जुलैपर्यंत सवड.

निकालपत्रात शेजाऱ्याचं उदाहरण आहे. शेजारीण मोठ्याने गाणी लावते म्हणून एकाने दावा केला, तर न्यायालय आवाज फक्त त्या एकापुरता कमी करू शकत नाही. गाणं बंद करावं लागतं, आणि फायदा सगळ्या आळीचा होतो. तो फायदा आपसूक, हक्काचा नव्हे. गणपतीत डीजेविरुद्ध अर्ज केलेल्या कुणालाही हे समजेल. मला प्रश्न पडला तो पुढचा: नागरिकत्व हे डीजेसारखं की कंपाउंडाच्या भिंतीसारखं? थांबवलं तर सगळ्यांपुरतंच थांबतं की एकापुरतं थांबवता येतं?

बावीस राज्यांनी तोच मुद्दा मांडला होता. न्यू जर्सी दावेदार, पेनसिल्व्हेनिया नाही. मध्ये डेलावेअर नदी. एका काठावर न्यू जर्सीचं कॅम्डेन, समोर फिलाडेल्फिया, पुलावरून काही मिनिटांचा रस्ता. स्टे राज्यापुरता धरला तर एच-वन-बीवरच्या जोडप्याचं मूल कॅम्डेनला जन्मलं की नागरिक, फिलाडेल्फियाला जन्मलं की कुणी नाही. आणि ते फिलाडेल्फियाचं मूल महिन्याभराने न्यू जर्सीत राहायला आलं, मग? त्याच्या औषधपाण्याचा, शाळेचा हिशेब न्यू जर्सीने कसा ठेवायचा? म्हणून आम्हाला देशभराचा हुकूम मिळाला तरच आमचा दिलासा पुरता, असं राज्यं म्हणत होती. न्यायालयाने ते खालच्या कोर्टांकडे परत पाठवलं.

टेक्सास तर अर्थातच दावेदार नव्हतं. त्या रात्री ताईला फोनवर मी हेच सांगितलं, आणि सांगताना मलाच कसंतरी झालं. न्यू जर्सीतल्या एडिसनला असती तर निदान काही दिवस काळजी नव्हती. फ्रिस्कोला आहे, तर आहे. ताई म्हणाली, "म्हणजे तिला न्यू जर्सीला पाठवू का बाळंतपणाला? तिथे तिची चुलतनणंद आहे." मी म्हटलं, थांब.

ट्रम्प यांनी त्या दिवशी समाजमाध्यमावर मोठा विजय जाहीर केला, आणि जन्मसिद्ध नागरिकत्वालाही अप्रत्यक्षपणे जोरदार फटका बसल्याचं लिहिलं. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द त्यांच्याच लिखाणातला आहे, आणि त्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांपेक्षा तो नेमका होता. आपल्याकडच्या मथळ्यांतून तो गळाला. उरलं 'नागरिकत्व संपलं'.

मतभेदाची बाजू तापलेली होती. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आपलं मत भर न्यायालयात वाचून दाखवलं, जे क्वचित घडतं. या नव्या व्यवस्थेत कुठलाच हक्क सुरक्षित नाही, असं त्या म्हणाल्या. न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी वेगळं मत लिहून कायद्याच्या राज्याच्या अस्तित्वालाच धोका असल्याचं म्हटलं. बॅरेट यांनी त्यांना उत्तर दिलं की साम्राज्यशाही अध्यक्षाला विरोध करताना तुम्ही साम्राज्यशाही न्यायसंस्था कवटाळताय. वर्षभरापूर्वी, १ जुलै २०२४ ला, याच न्यायालयाने याच सहा-तीन विभागणीने अध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठं संरक्षण दिलं होतं. तेव्हापासून अध्यक्षाला अडवायचं कुणी, हा प्रश्न तिथे हवेत होताच.

ग्रुपवर मात्र वाद सरळ दोन फळ्यांत पडला. ट्रम्पविरोधी म्हणत, न्यायालय विकलं गेलं. ट्रम्पसमर्थक म्हणत, कुठल्या तरी गावच्या न्यायाधीशाने देश चालवायचा का? या दुसऱ्या प्रश्नात दम आहे, हे मी तिथे लिहिलं तेव्हा माझ्यावर दोन्हीकडून दगड आले. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्या शंभर दिवसांत असे साधारण २५ देशव्यापी हुकूम निघाले, हे निकालपत्रातच आहे. पण ओबामांच्या काळात हेच हत्यार टेक्सासमधल्या रिपब्लिकनांनी चालवलं. २०२३ मध्ये ॲमरिलोच्या एकट्या न्यायाधीशाने गर्भपाताच्या गोळीची मंजुरी देशभर रोखायचा हुकूम काढला तेव्हा डेमोक्रॅट खवळले, आणि बायडन सरकारनेही असे हुकूम आवरा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला साकडं घातलं होतं. सोयीचा न्यायाधीश शोधून दावा लावायचा हा खेळ दोघांनीही खेळलाय.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलाय. २००४ च्या कुसुम इनगॉट्स निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संसदेच्या कायद्याच्या घटनात्मकतेवर उच्च न्यायालयाने दिलेला हुकूम, अंतरिम असो वा अंतिम, देशभर चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राच्या सत्यपडताळणी कक्षाचा, म्हणजे सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवायचा, नियम रद्द केला. तो महाराष्ट्र आणि गोव्यापुरता मेला, बिहारात जिवंत आहे, असं कुणी म्हटलं नाही. बॅरेट यांचा तर्क ताणला तर तो फक्त अर्जदारांपुरता मेला, असं म्हणावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली, ती तर कुणालाच आवडली नाही. भारतात जन्मलं की भारतीय, हा नियम १ जुलै १९८७ लाच संपला. त्यानंतर आईवडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नसायला हवा. फरक इतकाच, की आपल्याकडे ते संसदेने कायद्यात दुरुस्ती करून केलं. तिथे ते एका सहीने करायचं चाललंय, घटनेचं वाक्य जागेवर असताना. माझ्या दृष्टीने आक्षेपाचा गाभा हाच. अमेरिकेने आपला नियम बदलूच नये असं नाही, पण तो बदलायचा अधिकार टेबलावरच्या पेनात नाही.

१० जुलै

बॅरेट यांच्या निकालात एक दार उघडं होतं. एकेकट्याने दावा लावून देशभराचा हुकूम मागू नका, पण सामूहिक दावा लावता येतो. त्याची वाट वेगळी, अटी वेगळ्या. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १ रूल ८ आहे, प्रातिनिधिक दाव्याचा. एकाने सगळ्यांच्या वतीने कोर्टाच्या परवानगीने लावायचा. त्याचाच हा सणसणीत थोरला भाऊ. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी सहमतीच्या मतात धोक्याची घंटाही वाजवली होती: या दारातून जुनाच प्रकार आत शिरू देऊ नका.

निकाल लागून काही तास होतात तोच सामूहिक दावे दाखल झाले. त्यातला एक न्यू हॅम्पशरला, लाप्लांट यांच्यापुढे. तेच, फेब्रुवारीत हुकूम रुंद करायला कचरलेले. दावेदार टोपणनावाने: 'बार्बरा' नावाची होंडुरासची बाई, जिची प्रसूती ऑक्टोबरमध्ये होती. दुसरी तैवानची, विद्यार्थी म्हणून आलेली, युटात राहणारी, तिचं बाळ एप्रिलमध्ये जन्मलेलं. म्हणजे आदेशातल्या दोन्ही कलमांची माणसं दाव्यात होती. आमच्या भाचेसुनेचं कलम दुसरं.

१० जुलैला काँकर्डच्या न्यायालयात लाप्लांट यांनी गट मान्य केला आणि त्या गटापुरता मनाई हुकूम दिला. सरकारला अपिलाला सात दिवस मिळावेत म्हणून तेवढी मुभाही दिली. नागरिकत्व हा जगातला सर्वांत मोठा मान आहे, तो हिरावणं ही भरून न येणारी हानी, आणि निर्णय मुळीच अवघड नव्हता, असं ते म्हणाले. गटात त्यांनी आईवडिलांना घेतलं नाही, फक्त मुलांना घेतलं: २० फेब्रुवारी २०२५ ला किंवा त्यानंतर जन्मलेली आणि पुढे जन्मणारी, आदेशाच्या कक्षेत येणारी सगळी मुलं, कुठल्याही राज्यातली.

पुढे जन्मणारी. इथे मी थांबलो. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २० मला तोंडपाठ आहे. बापाच्या मृत्यूच्या वेळी गर्भात असलेलं मूल जिवंत जन्मलं, तर आधीच जन्मलेल्या मुलाइतकाच त्याचा हक्क. वाटपाच्या दाव्यात कितीदा तरी मी 'गर्भस्थ' हा शब्द लिहिलाय. पण न जन्मलेल्यांचा एवढा मोठा गट पक्षकार म्हणून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. फ्रिस्कोतलं ते बाळ, त्याच्या आईबापांनी एक अर्ज न करता, न्यू हॅम्पशरच्या एका दाव्यात वादी झालं होतं.

ताईला फोन केला. "न्यू जर्सीला नको पाठवू. जिथे आहे तिथेच राहू दे."

"म्हणजे झालं का रे नागरिक?"

"स्टे मिळालाय त्याला. मूळ दावा चालू आहे."

दिवाणी कोर्टात जाऊन आलेल्या घरात जन्मलेली ती. एवढं तिला पुरलं. नंतर तोच बार्बराचा दावा ५ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी दाखल करून घेतला, आणि तेव्हा कुठे घटनेतलं ते वाक्य न्यायमूर्तींच्या टेबलावर आलं.

मुलगी सप्टेंबरात झाली. रुग्णालयात जन्मदाखल्याचा फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, असा एक चौकोन होता. भाच्याने खूण केली, काही आठवड्यांनी कार्ड टपालाने आलं. मग पासपोर्ट. सगळं शांत होईस्तोवर थांबूया असं तो म्हणत होता, मी म्हटलं आजच कर. बाळाच्या फोटोत डोळे उघडे असले तर बरे, मागे पांढरं हवं, कुणाचा हात दिसता कामा नये. ताईने तिची पांढरी चादर पलंगावर अंथरली, भाचा खुर्चीवर उभा राहिला आणि ताई खुळखुळा वाजवत राहिली. चौथ्या फोटोला जमलं.

अर्जात आईवडिलांची माहिती आहे: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि पुढे, अमेरिकन नागरिक आहेत का, हो किंवा नाही. भाच्याने मला त्या पानाचा फोटो पाठवला. जन्मस्थळ सातारा, जन्मस्थळ नाशिक. दोन्ही ठिकाणी 'नाही'वर खूण. खाली त्याने विचारलं होतं, "मामा, इथे हेच लिहायचं ना?"

मी लिहिलं, हो, हेच.